परदेशातल्या सहलीत दिसलेले प्राणी-पक्षी: नोंदवायचे कसे, सांगायचे कसे

केनियाहून परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही चौघं फोटो बघायला बसलो. तीन फोन आणि एक कॅमेरा मिळून चार हजारांवर फोटो निघाले. सिंह, हत्ती, जिराफ ओळखायला काही लागलं नाही. पण निळ्या-केशरी रंगाच्या एका पक्ष्याचे सत्तावीस फोटो होते आणि तो मसाई मारात दिसला की नाकुरू सरोवराजवळ, यावर घरात तीन मतं पडली. रात्री तंबूबाहेरच्या झाडावर बटबटीत डोळ्यांचा गॅलॅगो, म्हणजे माकडांच्या गणातला लहान निशाचर प्राणी, दिसला होता. त्याची तारीख कॅमेरा एक सांगत होता आणि मुलीची वही दुसरी. बघायला सगळं मनसोक्त मिळालं होतं, पण दुसऱ्या कोणाला खात्रीने सांगता येईल असं त्यातलं थोडंच उरलं होतं.

पुढच्या सहलीपासून आम्ही पद्धत बसवली. तीच इथे क्रमाने देते आहे. मुख्य गोष्ट एकच: प्राणी दिसतो तिथेच त्याची नोंद पक्की व्हायला हवी. घरी येऊन फोटो निवडता येतात, मथळे लिहिता येतात, पण जागा आणि वेळ घरी बसून आठवत नाहीत. काय दिसलं, कुठे दिसलं, कधी दिसलं, कोणी पाहिलं आणि पुरावा काय, एवढं असलं की साध्या पर्यटकाचा फोटोही अभ्यासाच्या कामी येतो.

हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. २०११ मध्ये मलेशियातल्या एका हौशी छायाचित्रकाराने हिरव्या, जाळीदार पंखांच्या कीटकाचा फोटो फ्लिकरवर टाकला. कॅलिफोर्नियातल्या एका कीटकशास्त्रज्ञाने तो पाहिला. पंखांवरची काळी-निळी नक्षी त्याच्या ओळखीची नव्हती. फोटो काढणाऱ्याला जागा नीट ठाऊक होती, म्हणून नंतर तिथेच जाऊन त्याला नमुना मिळवता आला. २०१२ मध्ये ती नवी प्रजाती म्हणून जाहीर झाली: सेमाक्रायसा जेड. जेड हे त्या शास्त्रज्ञाच्या मुलीचं नाव.

१. निघण्यापूर्वी: कोणतं अ‍ॅप कशासाठी

सगळी अ‍ॅप एकदम घेऊ नका. जंगलात गेल्यावर कशात काय टाकायचं यातच वेळ जातो.

आय-नॅचरलिस्ट हे सगळ्यांसाठी आहे: प्राणी, पक्षी, कीटक, झाडं, बुरशी, अगदी पावलांचे ठसेसुद्धा. एकच अ‍ॅप घ्यायचं असेल तर हे घ्या. ओळख पटवायला तिथे जगभरातले जाणकार स्वेच्छेने वेळ देतात. ईबर्ड फक्त पक्ष्यांसाठी आहे. त्यात एका जागी, एका वेळेत दिसलेल्या पक्ष्यांची यादी आकड्यांसह द्यायची असते. मर्लिन हे पक्षी ओळखायला मदत करणारं अ‍ॅप आहे. त्याने सुचवलेलं नाव म्हणजे झालेली नोंद नव्हे, हे मुलांनाही आधीच सांगून ठेवा. लहान मुलांच्या हातात द्यायला सीक उत्तम. त्याला खातं उघडावं लागत नाही आणि मूल जे टिपतं ते आपोआप कुठे जाहीर होत नाही.

समुद्रसफर असेल आणि व्हेल दिसणार असेल, तर फोटोवरून एकेक व्हेल ओळखणारं हॅपीव्हेल हे संकेतस्थळ लक्षात ठेवा. हंपबॅक व्हेल बुडी मारताना शेपूट वर काढतो. त्या शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक प्राण्याची वेगळी असते. अशाच फोटोंवरून कळलं की २०१३ आणि २०१७ मध्ये कोलंबियाजवळ पॅसिफिक महासागरात दिसलेला एक नर २०२२ मध्ये झांझिबारजवळ होता. दोन जागांमधलं अंतर १३ हजार किलोमीटरहून जास्त आहे.

घरच्या वायफायवर असतानाच ही कामं उरका: मर्लिनमधला त्या देशाचा पक्ष्यांचा संच आणि नकाशांचा तो भाग ऑफलाइन उतरवून घ्या, खाती उघडा, आणि घराजवळच्या एखाद्या झाडाची, मुंगीची दोन-तीन वेळा नोंद करून बघा. सिंह समोर असताना पासवर्ड आठवत बसायची वेळ येऊ नये.

सोबत घ्यायच्या वस्तू फार नाहीत:
- दुर्बीण. ८×४२ ची कुटुंबासाठी बरी पडते. दोन असतील तर भांडणं कमी होतात.
- लहान वही आणि शिसपेन्सिल. पेनची शाई ओली झाली की पसरते.
- पॉवर बँक, जादा मेमरी कार्ड, लेन्स पुसायचं कापड. सफारीच्या गाडीत धूळ सगळीकडे शिरते.
- लहान मोजपट्टी. ठसा, विष्ठा, कवच यांच्या शेजारी ठेवून फोटो काढायला.
- पासपोर्ट, व्हिसा आणि उद्यानाच्या प्रवेशपावतीची प्रत फोनमध्ये. पावतीवरची तारीख आणि फाटकाचं नाव पुढे नोंदी लावताना कामी येतं.

२. कॅमेऱ्याचं घड्याळ

हा भाग कोणी वगळू नका, कारण आमची सर्वात मोठी चूक इथेच झाली.

फोन नव्या देशात गेल्यावर स्वतःहून वेळ बदलतो. कॅमेरा बहुतेक वेळा बदलत नाही. केनियाची वेळ भारतापेक्षा अडीच तास मागे आहे. आमचा कॅमेरा भारतीय वेळेवरच राहिला. सकाळी ६:४० ची शिकार ९:१० ची म्हणून नोंदली गेली. त्याहून वाईट म्हणजे, रात्री साडेनऊनंतर काढलेल्या प्रत्येक फोटोवर दुसऱ्या दिवसाची तारीख पडली. गॅलॅगोच्या बाबतीत वहीतली तारीखच बरोबर होती.

उपाय सोपा आहे. विमानतळावरून बाहेर पडून गाडीत बसलात की कॅमेऱ्याची वेळ बदला. मग फोनवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा आणि कॅमेऱ्याने त्याचा एक फोटो काढा. पुढे वेळेची शंका आली तर या एका फोटोवरून किती फरक होता ते कळतं आणि संगणकावर सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते. हा फोटो रोज सकाळी काढला तर उत्तमच.

ज्यांची सहल आधीच होऊन गेली आहे, त्यांनी एकाच प्रसंगाचे फोनवरचे आणि कॅमेऱ्यावरचे फोटो शेजारी ठेवून फरक काढावा. आम्ही तसंच केलं.

३. जागा हातून निसटू देऊ नका

फोनमधलं जीपीएस नेटशिवाय चालतं, फ्लाइट मोडमध्येही बहुतेक फोनवर चालतं. फक्त कॅमेरा अ‍ॅपला स्थानाची परवानगी दिलेली हवी. ती घरीच तपासा.

कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तर एक सवय लावा. कॅमेऱ्याने पक्षी टिपून झाला की त्याच जागी फोनने एक फोटो काढायचा, गवताचा, रस्त्याचा, कशाचाही. तो फोटो जागेची खूण म्हणून राहतो. आमच्याकडे हे काम मुलाने घेतलं आणि सहलभर चोख केलं.

इथे दोन सापळे आहेत. पहिला हॉटेलचा. संध्याकाळी खोलीत वायफायवर बसून नोंदी चढवताना, फोटोत जागा नसेल तर नोंद तुम्ही बसला आहात तिथे लावण्याचा मोह होतो. मग दिवसभरात पन्नास किलोमीटरवर पाहिलेले पाणघोडे हॉटेलच्या हिरवळीवर दिसू लागतात. खूण नकाशावर हाताने सरकवा. नेमकी जागा आठवत नसेल तर अचूकतेचं वर्तुळ मोठं करा. ‘या पाच किलोमीटरच्या आत कुठेतरी’ ही प्रामाणिक नोंद आहे, चुकीच्या बिंदूपेक्षा कितीतरी चांगली.

दुसरा सापळा व्हॉट्सअ‍ॅपचा. कुटुंबाच्या ग्रुपवर सगळ्यांनी फोटो टाकायचे आणि मग एकाने ते अपलोड करायचे, असं आपण सहज ठरवतो. पण तिथे साध्या फोटोसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्याच्या पोटातली वेळ-जागेची माहिती निघून जाते. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने संगणकावर उतरवा.

४. ओळख पटेल असा फोटो

सुंदर फोटो आणि ओळख पटवणारा फोटो नेहमी एकच नसतात. सुंदर एक काढा, मग ओळखीचे दोन-तीन काढा.

त्या निळ्या-केशरी पक्ष्याचंच घ्या. तो मैनेच्या कुळातला. केनियात असे दिसणारे दोन पक्षी सहज भेटतात. सुपर्ब स्टार्लिंगच्या निळ्या छातीखाली पांढरी पट्टी असते आणि डोळा पांढुरका असतो. हिल्डेब्रांट्स स्टार्लिंगला ती पट्टी नसते आणि डोळा लालसर असतो. आमच्या सत्तावीस फोटोंपैकी वीस पाठीचे होते, कारण पाठीवरची निळाई उन्हात फार सुरेख चमकत होती. उरलेल्यांतल्या एकात पक्षी समोर वळला होता, त्यात पांढरी पट्टी स्पष्ट दिसली आणि नाव ठरलं.

हरणांचे फोटो मागूनही काढा. थॉमसन्स गझेल आणि ग्रँट्स गझेल एकाच माळावर चरतात. कुशीवरचा काळा पट्टा बघून थॉमसन्स म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं, पण ग्रँट्सच्या काही माद्या-पिल्लांनाही तसा पट्टा असतो. ढुंगणावरचा पांढरा रंग शेपटीच्या वर चढलेला असेल तर ते ग्रँट्स, खालीच थांबत असेल तर थॉमसन्स. रोहित पक्ष्यांचा थवा कितीही देखणा असला तरी एक फोटो चोचीचा हवा: ‘लहान रोहित’ या जातीची चोच गडद, काळपट लाल, ‘मोठा रोहित’ या जातीची गुलाबी आणि फक्त टोकाला काळी.

काही वेळा कोणती बाजू टिपायची हेही महत्त्वाचं ठरतं. केनियाच्या उत्तर भागात ग्रेव्हीचा झेब्रा राहतो, अंगावर बारीक आणि दाट पट्टे असलेला. त्याची गणना करायला २०१६ मध्ये ‘ग्रेट ग्रेव्हीज रॅली’ झाली. त्यात सामान्य लोकांनी फोटो काढले आणि सगळ्यांना उजवी बाजू टिपायला सांगितलं होतं. प्रत्येकाचे पट्टे वेगळे, पण डावीचे पट्टे उजवीशी जुळत नाहीत. निम्म्या लोकांनी डावी टिपली असती तर एकच झेब्रा दोनदा मोजला गेला असता. उत्तर केनियातल्या सांबुरूकडे गेलात तर हे ध्यानात असू द्या.

झाडाचा फोटो नुसत्या फुलाचा नको. पान दोन्ही बाजूंनी, खोड, फळ असेल तर तेही आणि लांबून अख्खं झाड. पक्षी दिसत नसेल, फक्त ओरडत असेल, तर फोनवर आवाज टिपा. नुसत्या आवाजाचीही नोंद करता येते. गाडीचं इंजिन बंद करायला सांगा आणि त्या अर्ध्या मिनिटात कोणी बोलू नका.

फोटो कापून घ्या, उजळा, हरकत नाही. पण आडवी आलेली फांदी एआयने पुसणं, धूसर पिसं ‘स्पष्ट’ करून घेणं टाळा. ते अ‍ॅप पिसं मनाने रंगवतं आणि ओळखणारा माणूस नेमकी तीच बघत असतो.

५. रोज संध्याकाळी वीस मिनिटं

जेवणापूर्वी सगळ्यांनी बसून दिवसाच्या नोंदी वहीत लिहायच्या. मुलांनी सांगायचं, मोठ्यांनी लिहायचं, किंवा उलट. आमच्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

‘सकाळी ७:२०. नदीकाठचा खडक. डोकं-छाती गुलाबी, बाकी निळा सरडा. मान वर-खाली करत होता. जवळ दोन मातकट सरडे, बहुधा माद्या. आपण गाडीत, अंतर चार-पाच पावलं. बाबांनी तीन फोटो.’

एवढं पुरतं. प्राणी काय करत होता हे जरूर लिहा, कारण फोटोत हालचाल उतरत नाही. नाव माहीत नसेल तर ‘सरडा’ लिहा, ओढूनताणून नाव देऊ नका.

६. नोंद चढवताना होणाऱ्या चुका

आय-नॅचरलिस्टवर एक नोंद म्हणजे एका वेळी दिसलेला एक जीव. त्याचे पाच फोटो असतील तर ते एकाच नोंदीत घाला. एका फोटोत झेब्रा आणि वाइल्डबीस्ट दोन्ही असतील तर तोच फोटो दोन नोंदींत वापरा आणि कोणती नोंद कोणाची ते लिहा.

अ‍ॅपने सुचवलेलं पहिलं नाव डोळे मिटून घेऊ नका. जागा चुकीची असेल तर सुचवणीही चुकते. खात्री नसेल तेव्हा वरच्या पायरीवर थांबा: ‘गरुड’, ‘कोळी’, ‘बाभळीच्या कुळातलं झाड’. पुढचं काम जाणकार करतात. आपल्या ओळखीची नावं तिथे चिकटवण्याचा मोह तर फार होतो. मसाई मारात सहज दिसतं ते ठिपक्यांचं तरस, आपण लहानपणापासून चित्रात पाहिलेलं पट्ट्यांचं वेगळं.

बंदिस्त प्राण्यांवर तशी खूण करायला विसरू नका. नैरोबीत हत्तींच्या अनाथ पिल्लांचं केंद्र आहे, जिराफांना हाताने खाऊ घालता येतं असं ठिकाण आहे. मुलांना दोन्ही आवडतात आणि फोटोही भरपूर निघतात. नोंद करा, पण ‘बंदिस्त किंवा लागवडीचं’ हा पर्याय निवडा. हॉटेलच्या बागेत लावलेल्या बोगनवेलीलाही हाच नियम.

आय-नॅचरलिस्टवर परवान्याचा, म्हणजे आपली नोंद इतरांनी कशी वापरायची याचा, पर्याय एकदा नीट बघा. ‘सर्व हक्क राखीव’ निवडलंत तर तुमची नोंद जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता-साठ्यात जात नाही, आणि संशोधक बहुतेक वेळा तिथूनच माहिती घेतात. नाव देऊन, बिगरव्यावसायिक वापराला मुभा देणारा परवाना आम्ही ठेवला आहे.

ईबर्डवर दिवसभराच्या दीडशे किलोमीटरची एकच यादी करू नका. जागा बदलली की नवी यादी. ‘ओळखता आलेले सगळे पक्षी दिले आहेत का?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्या. फक्त आवडलेले, दुर्मीळ वाटलेले पक्षी लिहिले असतील तर उत्तर ‘नाही’. कावळे, चिमण्या गाळून ‘हो’ म्हटलं तर अभ्यासकाला वाटतं की तिथे कावळे नव्हतेच. आणि एका कुटुंबाची यादी एकानेच भरावी, बाकीच्यांशी ती शेअर करावी. चौघांनी चार याद्या भरल्या तर दोन गरुडांचे आठ होतात.

७. काय सांगायचं नाही

गेंड्याच्या फोटोची जागा जाहीर करू नका, कुठेच. शिंगासाठी त्याची शिकार होते आणि फोटोतली जागा-वेळ शिकाऱ्याच्या कामाची असते. आय-नॅचरलिस्ट धोक्यातल्या बऱ्याच प्रजातींची जागा आपोआप धूसर करतं. विषुववृत्ताजवळ ती साधारण २२ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात कुठेही दाखवली जाते. पण त्यावर विसंबू नका. गेंड्याच्या आधी आणि नंतर दोन मिनिटांनी टिपलेल्या पक्ष्यांच्या नोंदी उघड्या असतील तर जागा तिथून कळते. त्याही धूसर करा. घरटी, बिळं, गुहा, पिल्लांच्या जागा यांनाही तेच.

दिसल्या दिसल्या टाकू नका. मारात चित्ता दिसल्याची बातमी पसरली की गाड्या गोळा होतात. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा तिथला नियम आहे, तो रोज मोडताना आम्ही पाहिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मारातल्या अभ्यासात, पर्यटकांची जास्त वर्दळ असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं मोठी झाली. कमी वर्दळीच्या भागात हाच आकडा २.३ होता. हे वाचल्यापासून आम्ही ती जागा सोडून पुढच्या मुक्कामी गेल्यावरच फोटो टाकतो. चालकाला ‘अजून जवळ घ्या’ म्हणणंही बंद केलं. उलट ‘आता निघू या’ असं आपणहून म्हटलं की चालकाला बरं वाटतं, कारण पर्यटक नाराज होतील या भीतीने तो थांबलेला असतो.

पक्षी बाहेर यावा म्हणून त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवू नका. रात्री फ्लॅश नको. केनियाच्या उद्यानांत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

आणि काही उचलून आणू नका. मुलांना पीस, साळिंदराचा काटा, शंख हवे असतात. केनियात २०१३ च्या वन्यजीव कायद्याखाली वन्यप्राण्याचा कोणताही भाग परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. इतर अनेक देशांतही असे कायदे आहेत. अमेरिकेत तर १९१८ च्या कायद्यामुळे बहुतेक देशी पक्ष्यांचं जमिनीवर पडलेलं पीसही घरी नेता येत नाही. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, नोंद करा, वस्तू होती तिथे ठेवा.

८. नातेवाइकांना, मित्रांना सांगताना

चार हजार फोटो कोणी बघत नाही. आम्ही दिवसाला पाच निवडतो आणि प्रत्येकाखाली तीन-चार ओळी लिहितो: काय दिसलं, कोणत्या उद्यानात, किती लांबून, काय करत होतं. ‘जंगलचा राजा’ लिहिण्यापेक्षा ‘सव्वा तास झोपला होता, एकदा कूस बदलली’ हे वाचायला लोकांना जास्त आवडतं, असा आमचा अनुभव आहे. त्या पाचांत एक तरी फोटो कीटकाचा, झाडाचा किंवा साध्या पक्ष्याचा ठेवा. शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत नेणाऱ्या भुंगेऱ्याच्या फोटोवर आम्हाला सिंहापेक्षा जास्त प्रश्न आले.

स्थानिक लोकांचे, त्यांच्या मुलांचे फोटो विचारूनच काढावेत आणि ते जाहीर करायचे असतील तर तेही विचारावं. माकड खांद्यावर घेऊन, अजगर गळ्यात घालून काढलेले फोटो टाकू नका. ते पाहून आणखी लोक तशा ठिकाणी जातात आणि त्या प्राण्यांचे हाल वाढतात.

९. परतल्यावर

नोंदी चढवल्या की काम संपलं असं समजू नका. आय-नॅचरलिस्टवर ओळख देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं, आणि तारीख, जागा, पुरावा नीट असला, की नोंदीला अभ्यासयोग्य दर्जा मिळतो. कधी तासाभरात मिळतो, कधी वर्षानेही मिळत नाही. कोणी वेगळं नाव सुचवलं तर रागावू नका आणि लगेच मान्यही करू नका. ‘कशावरून?’ असं विचारा. लोक मनापासून समजावतात. पटलं तर आपलं आधीचं नाव मागे घ्या.

आठवड्यातून एकदा सूचना बघायचं काम आमच्याकडे मुलीकडे आहे. नदीकाठच्या त्या गुलाबी-निळ्या सरड्याला आम्ही नुसतं ‘अगामा’ या सरड्यांच्या गटाच्या नावाने ठेवलं होतं. पाच महिन्यांनी कोणीतरी त्याला म्वान्झा अगामा हे नाव दिलं, आणि खाली विचारलं की शेजारच्या मातकट माद्यांचा वेगळा फोटो आहे का. तिने वही काढली, ७:२० ची नोंद शोधली आणि त्या वेळेवरून बाबांच्या तीन फोटोंपैकी तिसऱ्यात, उजव्या कोपऱ्यात, खडकाच्या रंगात मिसळून गेलेली मादी तिला सापडली.